दिव्याची उचकी

"काही म्हण छोट्या, तुझा दिवा लागतो मात्र अगदी अलगद," ताई म्हणाली आणि सोललेल्या संत्र्याच्या दोन फोडी तिनं त्याच्या बशीत टाकल्या.

रविवारची दुपार होती. जेवणं उरकली होती. खिडकीतलं ऊन टेबलाच्या अर्ध्यापर्यंत येऊन थांबलं होतं आणि ताईचे हात त्या उन्हात होते. आधी त्याला बरंच वाटलं. पंचेचाळिशी उलटली तरी थोरल्या बहिणीनं कौतुक केलं की माणूस आतल्या आत फुगतोच. त्यानं फोड तोंडात टाकली आणि चावता चावता ते वाक्य त्याला पुन्हा ऐकू आलं. अलगद. त्याचा दिवा अलगद लागत नाही. लागताना एकदा उजळतो, मग क्षणभर मान टाकतो आणि मग स्थिर होतो. कारखान्यात सगळे त्याला उचकी म्हणतात. "पाणी पाजा हो दिव्याला, कोणीतरी आठवण काढतंय त्याची," हा विनोद तिथले म्हातारे फोरमन दर आठवड्याला एकदा तरी करतात आणि स्वतःच हसतात. अलगद लागतो तो दुसरा दिवा. खोटा. तो बशीकडे बघत राहिला. संत्रं आंबट होतं की गोड, हे त्याला सांगता आलं नसतं.

"काय रे, बी आली का दाताखाली?"

"नाही. काही नाही."

"मग चेहरा असा का केलास?"

"आंबट आहे," तो म्हणाला.

"गोड आहे की चांगलं," असं म्हणून ताईनं उरलेलं संत्रं स्वतःच खाऊन टाकलं.

तो दिवे तयार करायचा. घरात टांगायचे नव्हेत, अंगावर घ्यायचे. उन्हातला एक अगदी बारीक पट्टा, डोळ्यांना न दिसणारा, कातडीवरच्या पांढऱ्या डागांत रंग परत जागा करतो. बाकीचं भाजणारं सगळं गाळून तेवढाच पट्टा दिव्यातून काढायचा आणि उभ्या माणसाच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत सारखा पसरवायचा, हे त्याचं काम. कपाटाएवढी खोली आणि तिच्या भिंतींवर बारीक बारीक दिव्यांच्या पाट्या. गंमत अशी की जो प्रकाश काम करतो तो दिसतच नाही. म्हणून त्याच्या जोडीला जांभळट निळा प्रकाश नुसता दिसण्यासाठी ठेवावा लागतो, नाहीतर आत उभ्या माणसाला वाटतं, यंत्र बंदच आहे. त्या शोभेच्या प्रकाशाचं त्याला सुरुवातीला हसू यायचं. पण नव्या दिव्याची खरी परीक्षा घ्यायची वेळ आली तेव्हा उपचार केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की एक खोटाही दिवा हवा. निम्म्यांना खरा, निम्म्यांना खोटा. चिठ्ठ्या टाकून ठरणार, आणि कुणाच्या वाट्याला कुठला आला हे ना त्या माणसाला कळणार, ना बाईंना, ना यंत्र चालवणारीला. येणाऱ्या प्रत्येकाला हे आधीच समजावून सांगायचं. "आणि खोटा असा करा," बाई म्हणाल्या होत्या, "की तुम्ही स्वतः आत उभे राहिलात तर तुम्हालाही ओळखता येऊ नये." झालं. हे वाक्य त्याच्या डोक्यात जे शिरलं ते शिरलं. त्यानं खोट्या दिव्यात खऱ्यापेक्षा जास्त जीव ओतला. तोच जांभळा प्रकाश, पंख्याची तीच घरघर, तापलेल्या रंगाचा तोच वास, कातडीवर किंचित लाली यावी इतकी ऊब. सगळं तेच, फक्त कामाचा पट्टा वजा. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला खोटं करायला दिलं की तो किती मन लावून करतो, याचं बायकोलाही नवल वाटलं होतं.

राहिली ती उचकी. खरा दिवा सुरू होताना एकदम भरपूर वीज ओढतो आणि त्या हिसक्यानं उचकतो. खोट्याला तेवढी वीज लागतच नाही, त्यामुळे तो आपसूक अलगद लागतो. म्हणजे त्यात उचकी मुद्दाम घालायला हवी होती. त्यासाठी काडेपेटीएवढा एक जोड त्यानं तयारही केला होता. पण तो हातात घेऊन बसला आणि त्याच्यानं बसवेना. जी खोड घालवण्यासाठी जंग जंग पछाडलं, जिच्यापायी पाहुण्यांसमोर दिवा लावताना तो दर वेळी मध्ये उभा राहून काहीतरी बोलत सुटायचा, ती खोड एका धडधाकट दिव्याला आपल्या हातानं लावायची? आणि बघतंय कोण? ज्याला जी खोली मिळाली त्यातच तो जाणार, शेजारची त्याला दिसणार कशाला. असं मनाला समजावून त्यानं तो जोड खणात टाकला, बाईंना त्यातलं अवाक्षर सांगितलं नाही, आणि पुढं विसरूनही गेला. आता ताईच्या स्वयंपाकघरात बसल्या जागी त्याला तो खण दिसत होता. त्यातल्या मोडक्या पकडीसकट दिसत होता.

ताई उठून हात धुऊन आली आणि तिनं उजवं मनगट त्याच्यापुढं धरलं. "हे बघितलंस का? मुद्दाम दाखवायचं ठेवलं होतं." मनगटावरच्या पांढऱ्या डागात तपकिरी ठिपके उगवले होते. तिळाएवढे, कुठं त्याहून बारीक. रंग असाच येतो, केसांच्या मुळाशी ठिपक्याठिपक्यानं, मग ठिपके एकमेकांना मिळतात. हे त्यानं चित्रांत शंभरदा पाहिलं होतं. त्यानं ताईचा हात धरला, उन्हात वळवून पाहिला. ठिपके खरेच होते. मग त्याला काही कळेनासं झालं. ताई खोट्या दिव्यापुढं उभी राहते. खोट्या दिव्यात काही नाही; ते नसणं त्यानं स्वतः मोजून घेतलं होतं. तरी ठिपके आहेत. ताई हसत होती आणि तो हसायचं म्हणून हसला.

त्यांच्या घरात त्या आजाराला कोड म्हणायची बंदी होती. डाग म्हणायचं, तेही हळू. ताई शाळेत असताना पहिला डाग उमटला, उजव्या हाताच्या पाठीवर. आईनं कुठलंसं काळपट तेल आणलं; ते लावून रोज थोडा वेळ उन्हात बसायचं असं सांगितलं होतं. पण ताई बाहेर बसायला तयार नव्हती. सगळी गल्ली बघते म्हणाली. मग त्यानंच युक्ती काढली. तो दाराबाहेर पायरीवर आरसा धरून बसायचा आणि ऊन आत फेकायचा, सरळ ताईच्या हातावर. ताई आतल्या अंधाऱ्या खोलीत हात पुढं करून बसलेली असायची. तेलाचा उग्र वास यायचा. आरशाची कड बोटांना कापायची. थोड्या वेळानं हाताला रग लागे आणि तो उन्हाचा चौकोन घसरून भिंतीवर जाई, छताला जाई, मांजराच्या अंगावर जाई, आणि तो मांजराला पळवायला लागे. "छोट्या, इकडे. हातावर," ताई आतून म्हणायची. कधी रागावली नाही. त्या तेलानं काही झालं नाही, डाग वाढतच गेले. पण उन्हाचा तो चौकोन त्याच्या डोळ्यांपुढून हलला नाही. पुढं लोक विचारायचे, या धंद्यात कसा पडलास, तेव्हा तो भलतंच काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचा.

ताई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. येणाऱ्याच्या नाकावर चौकट चढवायची, कानामागं बोटं नेऊन काडी नीट बसवायची, मान तिरकी करून बघायचं. त्या कामात हात माणसाच्या तोंडाशी असतात. एकदा एका बाईनं चेहरा मागं घेतला. बोलली काही नाही, फक्त मागं घेतला. दुसऱ्या दिवसापासून ताई पातळ पांढरे हातमोजे घालायला लागली आणि काचांवर ठसे उठू नयेत म्हणून घालते असं सांगायला लागली. कित्येक वर्षं ती तेच सांगत होती. त्यानंच डॉक्टरीणबाईंच्या मागं लागून तिचं नाव परीक्षेत घालून घेतलं. बाई म्हणाल्या, "येऊ देत. पण कुठला दिवा मिळेल ते चिठ्ठीवर, आणि तुम्ही त्यांना काही विचारायचं नाही." त्यानं छाती पुढं काढून कबूल केलं. तेव्हा त्याला आपण फार तत्त्वाचे वाटलो होतो.

पुढचा सगळा आठवडा तो चाचपडत राहिला. जिन्यातला नळीदिवा लागताना फडफडला की तो पायरीवरच थांबायचा. लिफ्टमधला दिवा, फ्रीजमधला दिवा, समोरच्या औषधाच्या दुकानातली पाटी: जे जे लागत होतं त्याच्याकडं तो टक लावून बघायचा, हा खरा की खोटा, आणि मग स्वतःलाच म्हणायचा, अरे, फ्रीजचा दिवा खोटा कशाला असेल. डोक्यात दोनच वाटा होत्या आणि दोन्हींच्या टोकाशी तोच उभा होता. ताईला खोट्या दिव्यानं गुण येत असेल, तर खऱ्याला अर्थ काय? मग आरसा धरल्यापासूनचं सगळं आयुष्य म्हणजे शोभेचा जांभळा प्रकाश. आणि ठिपके आपोआप आले असतील, तर ते आपोआप जातीलही, आणि खरा दिवा शेजारच्या खोलीत जळत असताना ताई भिंतीच्या अलीकडं ऊब घेत उभी राहील. बाईंना सांगावं तर परीक्षा बाद, आणि बाद का, तर दिवेवाल्याला आपल्या दिव्याचं व्यंग दाखवायची लाज वाटली म्हणून. ताईला सांगावं तर तिचं हसू मावळणार. "तुझं काय बिनसलंय?" बायकोनं विचारलं. "रात्रीचा दिवा मालवायला गेलास आणि दोनदा लावून दोनदा मालवलास." तो म्हणाला, बटण सैल झालंय. बायकोनं बटण दाबून बघितलं. सैल नव्हतं.

शेवटी त्यानं खणातला जोड काढून खिशात घातला आणि देखभालीच्या निमित्तानं केंद्रात गेला. बसवून टाकायचा. चार स्क्रू. दोन्ही दिवे उचकतील आणि झाल्यागेल्यावर पडदा पडेल. दोन खोल्या शेजारीशेजारी होत्या, मध्ये कपडे बदलायची जागा आणि एक जाडसा पडदा. डॉक्टरीणबाई कॉफी घेत उभ्या होत्या. "बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "मी गोंधळलेय. संध्याकाळच्या वेळेला तुमच्या ताई आणि एक शिवणकाम करणाऱ्या बाई येतात. एकीला खरा असणार, एकीला खोटा. पण दोघींनाही फरक आहे, थोडा थोडा, सारखाच. ताईंच्या मनगटाला, त्या बाईंच्या ओठांशी. बोटांचं सोडा, बोटं हट्टीच असतात. पण असं कसं होईल?" त्याच्या जिभेवर आलं होतं. खिशातला जोड त्यानं मुठीत घट्ट धरला. "बघतो," एवढंच म्हणाला आणि काही न बघताच बाहेर पडला. जोड बसवला नाही, बाईंना सांगितलं नाही. पायऱ्या उतरताना आपण नक्की कशाला आलो होतो, हेच त्याला नीटसं आठवेना.

तिथून तो सरळ ताईच्या दुकानात गेला. उतरती दुपार, दुकानात कोणी नव्हतं. भिंतीभर रिकाम्या चौकटी टांगलेल्या होत्या. "चष्म्याची काडी ढिली झालीय," तो म्हणाला. खरंच झाली होती. ताईनं "दे" म्हणून स्वतःच त्याच्या नाकावरून चष्मा काढून घेतला आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की तिच्या हातांत मोजे नाहीत. चष्मा नसल्यामुळे ताई धूसर झाली होती, चौकटी धूसर झाल्या होत्या, फक्त तिची बोटं जवळ असल्यामुळे स्पष्ट होती, पांढरी आणि तपकिरी.

"तुला एक सांगू? रागावणार नसशील तर," बारीक स्क्रू फिरवत ताई म्हणाली. "आमच्या वेळेला एक शिवणवाली येते. तिला शेजारची खोली. सुरुवातीलाच एकदा मी रुमाल विसरले म्हणून मागं वळले, तर पडद्याखालून तिचा दिवा लागताना दिसला. लागला, विझल्यासारखा झाला, परत लागला. जुनाट स्टोव्हसारखा. आणि माझा बघ, कसा अलगद. माझ्या काळजात चर्रच झालं. म्हटलं, हिला खोटा दिला. खोट्यावर कोण खर्च करतंय, बसवला असेल स्वस्तातला."

खुर्चीचे हात त्यानं धरून ठेवले.

"तिचं पोट हातांवर रे. बोटं अशी पांढरी, गिऱ्हाईक माप द्यायला कचरतं. मला बाई राहवेना. मग आम्ही आलटूनपालटून करायला लागलो. दारं लागली की दिवा लागेपर्यंत जरा वेळ असतो ना, तेवढ्यात पडद्यातून ती इकडे, मी तिकडे. एकदा मी चांगल्या खोलीत, एकदा ती. तुमच्या परीक्षेचं काय व्हायचं ते होऊ दे, म्हटलं, माणूस महत्त्वाचा. आणि तो खोटा दिवा इतका वाईट, तिथं उभं राहिलं की दुसऱ्या दिवशी चुरचुरतं, लाल होतं. बरं करायचं सोडून भाजतोय नुसता."

आधी त्याला आनंद झाला. नुसता नव्हे, वेडा आनंद झाला. ठिपके त्याच्याच दिव्याचे होते. खऱ्या दिव्याचे. ताई अर्ध्या वेळा त्यापुढं उभी राहिली होती आणि अर्ध्याच दिव्यानं अर्धं काम केलं होतं. हिशेब चोख होता, जग जागेवर होतं, आरसा धरलेला तो पोरगा मूर्ख नव्हता. त्याला खदखदून हसू आलं. धूसर ताईही हसली. "मला वाटलं ओरडशील," ती म्हणाली. "आता तर मी तिला सांगूनच टाकलंय, चांगली खोली यापुढं कायमची तुम्हीच घ्या. माझं भरून येतंय. तुमच्या बोटांना अजून काही म्हणजे काही नाही. परवापासून तीच जाते. पहिल्यांदा ऐकेना, मग रडली बिचारी."

हसू तोंडातच राहिलं. दुकानात कुठलं तरी घड्याळ चालू होतं. आता त्यानं काहीही केलं नाही तरी चालणार होतं, हे त्याला लख्ख कळलं, आणि गेल्या आठवड्यात लख्ख कळलेली ही पहिलीच गोष्ट होती. गप्प बसायचं. ताई रोज खऱ्या दिव्यापुढं उभी राहील, स्वतःच्या भलेपणापायी. मनगट भरेल, मग हाताची पाठ, मग बोटं. खिशातला जोड खोट्यात बसवला की कुणाला कधी कळणार नाही. इतकी वर्षं त्याला हेच तर हवं होतं, ताईच्या हातावर ऊन. आणि पडद्यापलीकडं एक बाई पांढरी बोटं पुढं करून शोभेच्या प्रकाशात उभी राहील आणि घरी जाऊन ताईला दुवा देईल. चौकोन घसरला होता. भिंतीवर गेला होता. त्याला आईच्या तेलाचा वास आला.

"ताई," तो म्हणाला, "उचकतो तो खरा आहे."

स्क्रू फिरायचा थांबला.

"लाल होतं ते खऱ्यानंच. ठिपके त्याचेच. अलगद लागतो त्याच्यात काही नाही. त्यालाही उचकी घालायची होती मी. घातली नाही. माझ्या दिव्यातली खोड आहे ती, मला ती... मला ती पुन्हा आपल्या हातानं करावीशी वाटली नाही."

ताईनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता, नुसता एक तपकिरी-पांढरा आकार दिसत होता. मग ती वाकली, चष्मा त्याच्या नाकावर चढवला, कानामागं बोटं नेऊन काडी बसवली, गिऱ्हाइकाची बसवते तशी. तिची बोटं गार होती. आता ती स्पष्ट दिसली. डोळे भरले होते, पण आवाज साधा होता.

"म्हणजे तूही हातमोजे घातलेस म्हणायचे."

तो मान खाली घालून बसला.

"आणि मी? तिच्या वाट्याचा दिवा मी खाल्ला. अर्धा आधीच खाल्ला. आता सगळाच खाणार होते, वर तिच्याकडून उपकार मानून घेत." तिनं मनगट उलटं करून ठिपक्यांकडं पाहिलं. मघापर्यंत ती ते ज्याला त्याला दाखवत होती; आता तिनं बाही खाली ओढली. खणाकडं तिचा हात गेला, मोजे त्यातच असायचे. खण अर्धा उघडून तिनं परत लोटला. "ऊठ. तिची यायची वेळ झाली. डॉक्टरीणबाईंना काय सांगायचं ते तू सांग. पण आधी तिला."

"परीक्षा बंद पडेल, ताई. दोन्ही खोल्यांना कुलूप लागेल, निदान काही महिने. तुझंही थांबेल."

"कळतंय मला," ताई म्हणाली आणि दुकानाला कुलूप लावायला किल्ली शोधू लागली. किल्ली तिच्या हातातच होती.

शिवणवाली केंद्राबाहेरच्या बाकावर आधीच येऊन बसली होती. मांडीवर कापडाची पिशवी, गळ्यात विसरून राहिलेली मापाची फीत. तो तिला पहिल्यांदाच बघत होता. ताईला बघून तिनं लगबगीनं सरकून जागा केली. "हे भाऊ ना तुमचे? दिवेवाले?" आणि मग त्याच्याकडं वळून म्हणाली, "अहो, तुमच्या ताईंसारखं माणूस नाही बघा. स्वतःची चांगली खोली मला दिली. परवापासून सलग दोनदाच उभी राहिले, पण आता दुसऱ्या दिवशी खाज नाही की लाली नाही. दिवा कसा अलगद लागतो, आत उभं राहिलं की आपलं भलं होणार असं वाटतंच." तिनं दोन्ही हात त्याच्यापुढं धरले. बोटं पेरापासून नखांपर्यंत पांढरी होती, टोकांना सुया टोचल्याच्या खुणा होत्या. "बघा बरं नीट. तुम्हाला दिसतंय का काही? मला वाटतं, इथं, या करंगळीपाशी, जरासा रंग आलाय."

त्यानं चष्मा सारखा केला. करंगळी धरून उन्हाकडं वळवली आणि नीट पाहिली. काही नव्हतं. ताई शेजारी उभी होती, एका शब्दानं त्याच्या मदतीला आली नाही. तो त्या बाईच्या बाजूला बाकावर बसला.

"बाई," तो म्हणाला, "तुमच्या आधीच्या खोलीतला दिवा लागताना उचकतो ना, त्याबद्दल मला तुम्हाला काही सांगायचंय."